एकट्यानं खेळायचं बुद्धिबळ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बुद्धिबळाच्या चालींवर बेतलेली, एकट्यानं सोडवायची ऑनलाइन कोडी खेळताना कुठे अडायला होतं, असं मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं. ठाण्याहून आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईतून भरपूर पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर तिथल्याच वाचकांचं. उत्तरांत घरांची नावं नेहमीच्या पद्धतीनं दिली आहेत: उभ्या पट्ट्या डावीकडून ए, बी, सी अशा, आणि आडव्या ओळी खालून १, २, ३ अशा. घरात पट असेल तर मोहरे मांडूनच वाचा. नुसतं वाचून यातलं अर्धं निसटतं.

प्रश्न: मी सोलो चेस खेळते. दर चालीला आपलाच एक मोहरा मारायचा आणि शेवटी एकच उरवायचा. पाच मोहऱ्यांपर्यंत कसंबसं जमतं, पुढे मात्र हमखास दोन मोहरे पटाच्या दोन टोकांना उरतात. काय चुकतंय? (कोपरखैरणे)

चेस डॉट कॉमवरच्या सोलो चेसचे नियम तीनच आहेत. प्रत्येक चालीत मार झालीच पाहिजे. एका मोहऱ्यानं जास्तीत जास्त दोनदा मारायचं. आणि पटावर राजा असेल तर शेवटी तोच उरला पाहिजे. तुमची अडचण बहुधा दुसऱ्या नियमात आहे, कारण मोहरे कमी असताना तो जाणवतच नाही.

आधी हिशेब करा. मोहरे जितके, त्याहून एक कमी मार. पाच मोहरे असतील तर ४ मार, नऊ असतील तर ८. एक मोहरा दोनदाच मारू शकतो, म्हणजे नऊ मोहऱ्यांच्या कोड्यात किमान चार मोहऱ्यांना काम करावंच लागतं. एकाच वजिरानं पट साफ करत सुटायचं, हा दोघांच्या डावातला मोह इथे तिसऱ्या मारेला संपतो आणि बाकीचे मोहरे लांब राहतात.

आता एक पट मांडा: राजा सी१, प्यादं सी२, हत्ती डी४, घोडा एफ५, उंट जी७. कोण कोणाला मारू शकतं ते बघा. राजा फक्त प्याद्याला. उंट फक्त हत्तीला. घोडा दोघांना, हत्तीला किंवा उंटाला. हत्ती आणि प्यादं कोणालाच नाही. म्हणजे पहिल्या चालीला चार पर्याय आहेत आणि त्यांतले तीन बुडवतात.

राजानं शेजारचं प्यादं मारलं, तर सी२ वर राजाच येऊन बसतो आणि बाकीची मारामारी डी४ च्या आसपास होऊन तिथेच संपते. तिथे उरलेला शेवटचा मोहरा राजापासून एका घराच्या अंतरावर नसतो. घोड्यानं जी७ वरचा उंट मारला, तर त्या घरावरून त्याला पुढे मारायला काहीच मिळत नाही. घोड्यानं आधी हत्ती मारला, तर उंट कायमचा मागे राहतो: घोडा पुढे प्याद्यावर गेला तर जी७ वरच्या उंटाला शिकारच उरत नाही, आणि उंटानं डी४ वर घोडा मारला तर राजाजवळ यायला कोणी शिल्लक राहत नाही.

चालतं ते एवढंच. उंट डी४ वर हत्तीला मारतो. घोडा डी४ वर त्या उंटाला मारतो. तोच घोडा सी२ वर प्याद्याला मारतो. इथे त्याच्या दोन्ही मार वापरून झाल्या. मग राजा सी२ वर घोड्याला मारतो.

हे डोळे मिटून सापडत नाही, पण उलट्या दिशेनं पाहिलं तर लगेच दिसतं. शेवटची मार राजाची असणार. राजाच्या शेजारी एरवी आठ घरं असतात, इथे पटाबाहेरची सोडली तर पाच, आणि त्यांत फक्त सी२ वर मोहरा आहे. म्हणजे शेवटचा बळी सी२ वरच पडणार. सी२ वर येऊ शकतो तो घोडाच, आणि तोही डी४ मार्गे. घोडा डी४ वर जाईपर्यंत हत्ती आणि उंट दोघांचा निकाल तिथेच लागला पाहिजे. म्हणून उंट आधी.

या खेळात मोहरा तिथेच जाऊ शकतो जिथे बळी आहे, हे लक्षात ठेवा. बळी म्हणजे ओढा ओलांडताना पाय ठेवायचे दगड. सी२ वरचं प्यादं राजानं आधीच उचललं की घोड्याला उतरायला जागाच राहत नाही. म्हणून चाल करण्याआधी प्रत्येक मोहऱ्याच्या वाटा मोजा. ज्याला एकच मार आहे, तो मोहरा आधी हलतो किंवा आधी मरतो. ज्याला दोन-तीन वाटा आहेत तो थांबू शकतो. हत्ती, उंट आणि वजीर मोजताना मधे आडवा आलेला मोहराही धरा: तो हलला की मागची वाट उघडते. प्यादं फक्त वरच्या दिशेनं तिरकं मारतं आणि मागे येत नाही, म्हणून वरच्या ओळींतलं प्यादं बहुतेक वेळा बळी म्हणूनच ठेवलेलं असतं.

प्रश्न: एका ॲपमध्ये राजा मारता येतो, दुसऱ्यात नाही. बरोबर कुठलं? (वर्तकनगर, ठाणे)

दोन्ही बरोबर. हा खेळ वेगवेगळ्या रूपांत आहे. ४ × ४ च्या छोट्या पटावरचा प्रकार आहे, ८ × ८ चा मोठा पट आहे. कुठे राजा इतर मोहऱ्यांसारखाच मारला जातो, कुठे तो शेवटी उरलाच पाहिजे. दोनदाच मारायची अटही सगळीकडे नसते. नवीन ॲप घेतलं की मदतीच्या पानावर या तीन गोष्टी तपासा: राजा मारता येतो का, एका मोहऱ्याला किती मार, आणि प्यादं शेवटच्या ओळीत गेलं तर बढती मिळते का. अडलेली बरीच कोडी दुसऱ्या ॲपचा नियम डोक्यात धरल्यामुळे अडलेली असतात.

प्रश्न: घोडा सगळ्या घरांत एकदाच फिरवायचा असा गेम आहे. ५ × ५ च्या पटावर माझी नेहमी दोन-तीन घरं राहतात. कधीकधी तर ती लेव्हल होतच नाही असं वाटतं. (इयत्ता सातवी, ऐरोली)

काही ठिकाणांहून ती खरंच होत नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही. घोडा दर उडीला रंग बदलतो: काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर. ५ × ५ च्या पटावर २५ घरं. कोपऱ्याच्या रंगाची १३ आणि दुसऱ्या रंगाची १२. एकाआड एक रंग घेत २५ घरं पुरी करायची तर सुरुवात आणि शेवट दोन्ही १३ वाल्या रंगावरच होणार. म्हणून ए२ किंवा बी१ अशा घरावरून सुरुवात केलीस, तर कितीही डोकं लावलंस तरी एक घर राहणारच. कोपऱ्यातून सुरू कर.

आता घरं का राहतात ते बघ. कोपऱ्यातून बाहेर पडायला घोड्याला दोनच वाटा असतात. ए१ ला बी३ आणि सी२. तू बी३ वर जाऊन कोपऱ्यात न शिरता पुढे गेलास, तर ए१ ला एकच वाट उरली. आता ए१ मध्ये शिरलास की बाहेर पडता येणार नाही. असं बंद पडलेलं घर एकच चालतं, तेही अगदी शेवटचं. दोन कोपरे असे अडकवलेस की लेव्हल गेली, फक्त ते तुला वीस-बावीस उड्यांनंतर कळतं.

याच्यावर एक जुना नियम आहे. जर्मनीतल्या वॉर्न्सडॉर्फ यांनी तो १८२३ मध्ये मांडला: पुढच्या ज्या घराला कमीत कमी मोकळ्या वाटा उरल्या आहेत, तिथे आधी जा. प्रत्येक उडीआधी घोडा जिथे जिथे जाऊ शकतो ती घरं बघ, त्या प्रत्येक घरावरून पुढे किती मोकळी घरं दिसतात ते मोज, आणि सगळ्यात लहान आकडा निवड. दोन घरांचा आकडा सारखा आला तर कडेचं घर घे, मधलं राखून ठेव. बरोबरीच्या वेळी हा नियम कधीकधी फसतो. अडलास तर शेवटच्या बरोबरीपर्यंत मागे ये आणि दुसरं घर घेऊन बघ. पूर्ण लेव्हल नव्यानं सुरू करायची गरज नसते.

एक पूर्ण फेरी देतो. वहीत २५ घरं आखून वरच्या ओळीपासून हे आकडे भर आणि १ पासून २५ पर्यंत बोट फिरव:

१, २०, ९, १४, ३
१०, १५, २, १९, २४
२१, ८, २५, ४, १३
१६, ११, ६, २३, १८
७, २२, १७, १२, ५

बघ, पहिल्या सात घरांतच चारही कोपरे उरकले आहेत: १, ३, ५ आणि ७. आणि मधलं घर, ज्याला आठ वाटा आहेत, ते सगळ्यात शेवटी.

आणखी दोन गोष्टी. ४ × ४ च्या पटावर अशी पूर्ण फेरी होतच नाही. तिथे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना, ए१ आणि डी४ ला, बी३ आणि सी२ ही तीच दोन घरं वाटून घ्यावी लागतात. दुसऱ्या दोन कोपऱ्यांचंही तसंच, आणि सगळी वाट त्यात तुटते. आणि शेवटून परत पहिल्या घरावर उडी मारता येईल अशी गोल फेरी ५ × ५ वर कधीच मिळणार नाही, कारण घरं विषम आहेत. ६ × ६ वर आणि ८ × ८ वर मिळते.

तुझ्या मराठीच्या किंवा संस्कृतच्या बाईंना सांग, घोड्याची ही फेरी आपल्याकडे फार जुनी आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या काव्यालंकारात असा श्लोक आहे, की त्याची अक्षरं अर्ध्या पटावर, ४ × ८ घरांत मांडून घोड्याच्या उड्यांनी वाचली तरी श्लोक तोच येतो.

प्रश्न: ३ × ३ च्या पटावर वरच्या दोन कोपऱ्यांत पांढरे घोडे, खालच्या दोन कोपऱ्यांत काळे. त्यांच्या जागा बदलायच्या. ॲप म्हणतं १६ चाली पुरेत. माझ्या नेहमी त्याहून बऱ्याच जास्त होतात. (सानपाडा)

हे कोडं १५१२ पासून नोंदलेलं आहे, इटलीतल्या ग्वारिनी यांच्या नावानं ओळखलं जातं. पटाकडे बघत बसलात तर गोंधळ होतो, कारण घोड्याची वाट डोळ्याला सरळ दिसत नाही. मधल्या घरात कुठलाही घोडा जाऊच शकत नाही, ते विसरा. उरलेली आठ घरं घोड्याच्या उडीनं एका कड्यात जोडलेली आहेत: ए१, बी३, सी१, ए२, सी३, बी१, ए३, सी२ आणि परत ए१. ही आठ नावं कागदावर गोलाकार लिहा आणि त्यावर घोडे ठेवा. आता ते एकाआड एक घरावर बसलेले दिसतील आणि प्रत्येकाला फक्त पुढे किंवा मागे सरकता येतं, एकमेकांना ओलांडता येत नाही.

चारही घोडे एकाच दिशेनं फिरवा. एका फेरीत चौघांना एकेक उडी. अशा चार फेऱ्या, चार चोक सोळा. ए१ वरचा घोडा बी३, सी१, ए२ करत सी३ वर पोहोचतो आणि बाकीचेही आपापल्या समोरच्या कोपऱ्यात. एकालाही उलट दिशेला नेलंत की ती उडी पुढे परत भरून काढावी लागते. तुमच्या जास्तीच्या चाली त्या आहेत. एक घोडा चारही उड्या एकदम घेऊन पुढे न्यायलाही जाऊ नका, त्याच्या वाटेत दुसरा बसलेला असतो.

प्रश्न: लिंक्डइनवर रोज येणारं क्वीन्स आणि शाळेत ऐकलेलं आठ वजिरांचं कोडं एकच का? मला शेवटी अंदाज करावा लागतो. (खारघर)

एकच नाही, आणि हा फरक न कळल्यामुळे लोक उगाच चांगली घरं फुली मारून टाकतात. आठ वजिरांचं कोडं जुनं: १८४८ मध्ये बेझेल यांनी मांडलेलं. ८ × ८ वर आठ वजीर असे ठेवायचे, की कोणीच कोणाच्या माऱ्यात नाही. त्याची उत्तरं ९२ आहेत. पट फिरवून आणि आरशात बघून सारखी दिसणारी वगळली तर १२ उरतात. लिंक्डइनवरच्या खेळात वजीर खरा वजीर नाही. प्रत्येक ओळीत एक, प्रत्येक पट्टीत एक, प्रत्येक रंगाच्या भागात एक, आणि दोन वजीर एकमेकांना चिकटून नकोत, तिरकेही नकोत. लांबच्या तिरक्या रेषेत दोघे आले तरी चालतात. तिथे फुली मारू नका.

उत्तर एकच असतं, त्यामुळे अंदाजाची गरज पडत नाही. सगळ्यात लहान रंगापासून सुरू करा. एकच घर असलेला रंग मिळाला तर वजीर ठेवा आणि त्याची ओळ, पट्टी आणि भोवतालची घरं बाद करा. दोन शेजारची घरं असलेला रंग असेल, तर वजीर कुठल्या घरात ते अजून कळलं नसलं तरी बरंच काही हाती लागतं. समजा ती घरं आडवी शेजारी आहेत. मग त्या ओळीतली बाकी सगळी घरं बाद. शिवाय त्या दोन घरांच्या अगदी वरची दोन आणि खालची दोन घरंही बाद, कारण तिथे वजीर ठेवला तर एक घर पट्टीमुळे जातं आणि दुसरं तिरकं चिकटल्यामुळे जातं. सलग तीन घरांचा रंग असेल, तर मधल्या घराच्या वरचं आणि खालचं एकेक घर बाद. काटकोनातली तीन घरं असतील, तर त्या काटकोनाच्या आतलं चौथं घर बाद.

यानंतरही अडलात तर जोड्या बघा. दोन रंग मिळून दोनच पट्ट्यांत मावत असतील, तर त्या दोन पट्ट्या त्या दोघांच्याच. तिथली इतर रंगांची घरं काढून टाका. तीन रंग तीन ओळींत मावत असतील तरी तेच. उलटंही चालतं: कुठल्या दोन ओळींत मिळून दोनच रंग दिसत असतील, तर त्या रंगांची बाहेरची घरं बाद. तुमचा अंदाज लावायचा टप्पा जिथे येतो, तिथे नव्वद टक्के वेळा अशी एखादी जोडी बघायची राहिलेली असते, हा आमचा अनुभव.

प्रश्न: वय ७१. लहानपणापासून देशी पद्धतीनं खेळलो: प्यादं पहिल्यापासून एकच घर, राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची उडी. ऑनलाइन कोड्यांत माझी उत्तरं चूक ठरतात. कोणते नियम नव्यानं शिकावेत? (नौपाडा, ठाणे)

काका, मोहऱ्यांच्या चाली तुम्हाला पक्क्या आहेत, त्यामुळे शिकायचं थोडंच आहे. प्यादं आपल्या मूळ जागेवरून दोन घरं जाऊ शकतं. राजाची घोड्याची उडी नाही. त्याऐवजी किल्लेकोट: राजा हत्तीच्या दिशेनं दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडच्या बाजूला येतो. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला असेल, मधे मोहरा असेल, राजाला शह असेल किंवा ज्या घरावरून तो जातो ते माऱ्यात असेल, तर किल्लेकोट होत नाही. शेवटच्या ओळीत पोहोचलेलं प्यादं कुठल्याही पट्टीत असो, वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी हवं ते होतं. देशी डावात अनेक कुटुंबांत ते त्या पट्टीच्या मोहऱ्याप्रमाणे ठरतं, ते इथे लागू नाही. आणि आधीचा वजीर पटावर असला तरी दुसरा घेता येतो.

खरी अडचण बहुधा एका नियमाची असेल. समोरच्याचं प्यादं दोन घरं चालून तुमच्या प्याद्याच्या शेजारी आलं, तर ते जणू एकच घर चाललं असं धरून तुम्ही त्याला तिरकं मारू शकता, पण लगेच पुढच्याच चालीला. याला एन पासां म्हणतात. देशी खेळात प्यादं दोन घरं जातच नाही, म्हणून हा नियम तुमच्या कानावर आला नसणार. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर कोडं उघडलं की आधी समोरच्याची एक चाल आपोआप होते आणि ती दोन घरं रंगवून दाखवली जातात. तिकडे दुर्लक्ष करू नका. ती चाल प्याद्याची दोन घरांची असेल तरच एन पासां शक्य आहे.

प्रश्न: ठाणे-वाशी लोकलमध्ये लिचेसवरचं पझल स्टॉर्म खेळतो, म्हणजे ठरलेल्या वेळात जमतील तितकी कोडी सोडवायची. तीन मिनिटांत सुटलेल्या कोड्यांचा आकडा वाढतच नाही. (तुर्भे)

स्टॉर्ममध्ये वेळ कशात जातो ते पाहा. लिचेसवर सुरुवातीला ३ मिनिटं मिळतात. चुकीच्या चालीला १० सेकंद कापले जातात. सलग बरोबर चालींना वेळ वाढतो: ५ चालींना ३ सेकंद, १२ ला ५, २० ला ७, ३० ला १०. चूक झाली की ही साखळी शून्यावर येते. म्हणजे एका चुकीची किंमत दहा सेकंदांहून बरीच जास्त आहे. साखळी वीसच्या पुढे गेली असेल तर चार-पाच सेकंद थांबून खात्री करणं स्वस्त पडतं. पहिली कोडी सोपी असतात, तिथे घाईनं केलेली चूक सगळ्यात महाग.

गाडीत चुका बऱ्याचदा बोटाच्या असतात. मोहरा ओढत नेताना डबा हलला की तो शेजारच्या घरात पडतो. सेटिंगमध्ये मोहरा हलवण्याची पद्धत दोन घरांवर टॅप करण्याची ठेवा. प्याद्याची बढती आपोआप वजीर अशी केली असेल तर कोड्यांसाठी ती बंद करा, कारण काही कोड्यांत घोडा घेतला तरच मात होते.

आणि शिकायचंच असेल तर स्ट्रीक खेळा. त्यात घड्याळ नाही, कोडी हळूहळू अवघड होत जातात, एक चूक झाली की संपलं, आणि एकदाच एक चाल सोडून पुढे जायची मुभा. घड्याळ नसल्यामुळे समोरच्याचं उत्तर शेवटपर्यंत बघायची सवय लागते. गर्दीच्या गाडीत ऐरोलीला कोडं अर्धवट ठेवून कोपरखैरण्याला पुढे सुरू केलं तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून आमच्या इमारतीतल्या मुलांना बुद्धिबळाचं वेड आहे. माझा मुलगा रोज अर्धा तास सोलो चेस आणि घोड्याचे गेम खेळतो. स्पर्धेत फायदा होईल? (घोडबंदर रोड)

थोडा होईल. मोहरे कुठून कुठे पोहोचतात हे पटकन दिसायला लागतं, विशेषतः घोड्याचं. नवीन मुलं सर्वांत जास्त मोहरे घोड्याच्या दुहेरी माऱ्यात गमावतात, त्यावर हा सराव चांगला आहे.

पण स्पष्ट सांगतो, यात समोर माणूस नाही. शह नाही, बचाव नाही, समोरच्याची चाल नाही. प्रत्येक चालीला मारायचंच, ही सवय दोघांच्या डावात घातक ठरते. मारता येतंय म्हणून मारणारा मुलगा आपला चांगला मोहरा देऊन प्यादं घेतो. अर्ध्या तासातली दहा मिनिटं या खेळांना द्या. उरलेल्या वेळात एका आणि दोन चालींत मात करायची कोडी, तीही उत्तर पूर्ण ठरवल्याशिवाय मोहऱ्याला हात न लावता. आणि आठवड्यातून काही डाव समोरासमोर बसून, चाली लिहून काढत. खेळून झाल्यावर लिहिलेला डाव परत लावून कुठे उलटला ते त्यालाच शोधू द्या.

प्रश्न: नातीला मोबाइल द्यायचा नाही, पण हे खेळ शिकवायचे आहेत. घरी कसे करावेत? (घणसोली)

ए४ आकाराच्या जाड कागदावर ४ सेंटिमीटरची घरं आखा. कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, त्यात ५ × ५ चा पट २० सेंटिमीटरमध्ये बसतो आणि घरातल्या नेहमीच्या घोड्याला ४ सेंटिमीटर पुरतात. साडेचार घेतलेत तर पाचवी पट्टी कागदाबाहेर जाईल. घरं एकाआड एक हलकी रंगवा. रंगांशिवाय कुठून सुरू करायचं हे तिला समजणार नाही. २५ चिंचोके जवळ ठेवा. घोडा ज्या घरावरून उठेल तिथे चिंचोका. अडली तर शेवटचा चिंचोका उचलून घोडा मागे आणायचा, ॲपमधल्या मागे घ्या बटणासारखं. घोडा अडीच घरं चालतो असं आपण म्हणतो, पण लहान मुलं अर्धं घर शोधत बसतात. तिला दोन घरं सरळ आणि एक घर बाजूला असं दाखवा, आणि मधल्या घरांत काही असलं तरी त्यावरून उडी मारता येते हेही.

५ × ५ ने सुरुवात करू नका, लवकर कंटाळा येतो. त्याच कागदावर तीन ओळी आणि चार पट्ट्या, म्हणजे १२ घरं खुणेनं वेगळी करा आणि घोडा कोपऱ्यात ठेवा. ही फेरी पूर्ण होते. बाकीच्या वाचकांनीही करून पाहावी. उत्तर पुढच्या अंकात देऊ. पत्र पाठवताना बारा घरांत १ ते १२ आकडे भरून पाठवा.